मरोळच्या बियरचं बी

प्रवासाला निघायचं म्हणजे बॅग भरायची, घरी पत्ता देऊन ठेवायचा, शेजारी किल्ली द्यायची. मी यातलं काहीच केलं नाही. बोरिवलीला राहणारा माणूस मुलुंड, गोराई आणि घाटकोपर एवढं फिरून आला तर त्याला प्रवास म्हणतात का, असं आमच्या हिने दोनदा विचारलं. मी म्हणतो, म्हणतात. लोक काश्मीरला जातात आणि तिथे सकाळी पोहे कुठे मिळतील ते शोधत फिरतात. मी माझ्याच उपनगरांत फिरून चार तऱ्हेच्या बियर प्यालो, आणि त्यांतली एकही कुठल्या दुकानात मिळत नाही.

तोवर बियर म्हणजे एकच, अशी माझी समजूत होती. पिवळी, गार, कडवट, परमिट रूमच्या अंधारात बसून प्यायची. माझ्याजवळ परमिट आहे. प्रकृतीसाठी या माणसाला मद्याची गरज आहे असं त्यावर एका डॉक्टरने लिहून दिलंय. मी अंधेरी पूर्वेला औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळतो. आमच्याकडे नवं यंत्र बसवायला एक इंग्रज फिटर आला होता. त्याने सांगितलं की त्यांच्याकडे काळी बियर असते, तांबडी असते, गव्हाची असते, आणि एक तर चक्क कोमट पितात. दर गावाची निराळी. आमच्याकडे लोणच्याचं असं असतं, मी म्हटलं. त्याने मान डोलावली, पण त्याला लोणचं कळलं नसावं.

मला मात्र त्याचं म्हणणं लगेच कळलं, कारण मला रोझीमावशी ठाऊक होती.

मरोळ, सोमवार

रोझीमावशी मरोळच्या गावठाणात राहते. ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मातीतले, मराठी बोलणारे ख्रिस्ती. कारखान्यापासून तिचं घर दहा मिनिटांवर, आणि गेली अकरा वर्षं मी दुपारचा तिच्याकडे जेवतो. तिच्याकडे आल्याची बियर होते. दारू म्हणावी इतकी ती चढत नाही आणि सरबत म्हणावं इतकी साधीही नाही. तिचं मूळ एका चिनीमातीच्या बरणीत असतं. भिजवलेल्या साबुदाण्यासारखे पांढुरके दाणे, त्याला ती ‘बी’ म्हणते. रोज सकाळी बीला एक चमचा साखर आणि एक चमचा किसलेलं आलं घालायचं. आठव्या दिवशी पाणी गाळून घ्यायचं, लिंबू पिळून बाटल्यांत भरायचं, बुचाला सुतळी बांधायची. दाणे वाढत जातात. वाढलेले कोणाला तरी द्यायचे. हे बी मावशीला तिच्या आईने लग्नात दिलं होतं. त्यांच्या घरात लेक सासरी निघाली की आदल्या दिवशी तिला बाटलीत घालून बी देतात. दागिने कमीजास्त झाले तर चालतं, बी चुकवून चालत नाही.

आता मावशीची नात शर्ली हिचं लग्न ठरलं होतं. घर रंगवायला काढलं होतं. चुन्याच्या आणि रंगाच्या वासाने बी मरतं म्हणून मावशीने बरणी माझ्या हातात दिली. म्हणाली, “तुझ्या त्या लॅबमधे एकदम स्वच्छ असतं ना? आठ दिवस सांभाळ. साखर घालायला विसरू नको.”

मी विसरलो नाही. उबदार कपाट बघून बरणी ठेवली, रोज साखर-आलं घातलं, दाणे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहिले. खासगी वस्तू कारखान्यात ठेवलेली, तेव्हा उगाच प्रश्न नकोत म्हणून बरणीला लेबल लावलं नाही. आणि शनिवारी मी लवकर घरी गेलो.

सोमवारी सकाळी बरणी टेबलावर होती. आतून बाहेरून लखलखीत. आमच्या सहायकाने ती झाकणासकट वाफेच्या यंत्रात घालून निर्जंतुक केली होती, मग रिकामी करून धुतली होती. मी ओरडलो तेव्हा त्याने शांतपणे भिंतीकडे बोट केलं. तिथे नियमांचा कागद होता. लेबल नसलेली कोणतीही गढूळ बरणी शनिवारी संध्याकाळी निर्जंतुक करण्यात यावी. खाली सही माझी.

“सर, तुमीच सांगितलंय ना?” तो म्हणाला. त्याचं एक अक्षर खोटं नव्हतं.

माझ्याकडे मावशीच्या बियरच्या दोन भरलेल्या बाटल्या होत्या. एकीच्या तळाच्या गाळातून काही जगतं का, ते मी लगेच करून पाहिलं. दोन दिवसांनी त्याचं कुबट वासाचं पाणी झालं, दाणे काही धरले नाहीत. दुसरी बाटली चवीसाठी राखून ठेवली. लग्न पुढच्या नव्हे, त्याच्या पुढच्या रविवारी होतं.

दुपारी मी सांगायलाच गेलो होतो. घराला फिकट हिरवा रंग चढला होता. मावशीने ताटात कोळंबीचं कालवण वाढलं आणि विचारलं, “कसं हाय माझं बी? मशीनमधनं बघितलंस?”

“बघितलं,” मी म्हणालो. “फार सुंदर दिसतं.” खोटं नव्हतं, पण तो भूतकाळ होता. माझी हिंमतच झाली नाही. उलट मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “मावशी, तू आजवर हे बी कोणाकोणाला दिलंस गं?”

ती खुशीत आली. बोटांवर मोजू लागली. “लय जणांना दिलं. टिकवलं कोणी? एक ती राणेबाय, आमच्या पाठच्या खोलीत भाड्यानं राहायची, आता मुलुंडला हाय. एक आमची नॅटी, माझी बहीण, गोराईला. आणि एक जाधव सिस्टर. ती नर्स, आमची शर्ली जन्मली तवा तिला दिलेलं, घाटकोपरला गेली असं ऐकलं. पण तिनं टाकलं असंल रे. ती बुद्धाची, त्या लोकांत दारूला शिवत नाय.”

मी दोन पत्ते आणि एक अर्धा पत्ता लिहून घेतला. प्रवासाचा आराखडा असा ठरला.

मुलुंड, मंगळवार

मुलुंडला डोंगराच्या बाजूला, कारखान्यांच्या मागे चाळी आहेत. राणेकाकींची खोली शेवटची, दारात अबोली. नवरा अंधेरीच्या गिरणीत होता. गिरणी बंद पडल्यावर इकडे एका कारखान्यात पहारेकरी म्हणून लागला. मी नाव सांगितलं, रोझीमावशीचं नाव सांगितलं, आणि उभ्या उभ्या माझी उलटतपासणी सुरू झाली.

“परब? खंयचे?”

“बोरिवलीला राहतो.”

“तां नाय रे. गाव खंयचो?”

“कणकवलीकडे. पण मी लहानपणीच...”

“मगे मालवणी बोल की मेल्या! पुण्यासून इल्यासारखो काय बोलतंस?”

मला मालवणी समजते. बोलायला गेलो की जीभ अडखळते. काकींनी ते ओळखलं आणि पुढचा तासभर मुद्दाम भराभर बोलत राहिल्या. घावणे झाले, काळ्या वाटाण्याची उसळ आली, आणि पितळी पेल्यात बियर आली.

काळी! मी खरोखर पेला उजेडात धरला. कडेला तांबूस, मधे काळपट, वर बदामी फेस. इंग्रज फिटर म्हणाला होता ती काळी बियर मला मुलुंडच्या चाळीत भेटली. पहिला घोट गोड, मग आंबट, आणि शेवटी जिभेवर थोडं खारट राहतं. उसळीबरोबर तर ती अशी जमली की मी दुसरा पेला मागितला. मागताना लाज वाटली, पण मागितला.

“ह्यात काय घातलंत काकी?”

“गूळ आणि सोला. साखर रेशनवर, ती चायेक पुरत नाय, ह्या बियाक खंयसून घालू? मिया गूळ घातलंय. बी काय रडूक नाय.”

सोला म्हणजे कोकमं. आपल्या घरात आल्यावर बीने आपल्या घरचं खायला शिकावं, एवढा साधा हिशेब होता. त्यांच्या बरणीतले दाणे बारीक आणि तपकिरी होते. मी खरं काय ते सांगितलं. काकींनी कपाळावर हात मारला, “अरे देवा, रोझी आता काय म्हणात?” आणि लगेच वाटीभर दाणे आणि बाटलीभर बियर काढून दिली. बी मागणाऱ्याला नाही म्हणायचं नसतं, असं रोझीमावशीनेच त्यांना शिकवलं होतं.

मी आनंदात घरी आलो. राखून ठेवलेली मरोळची बाटली उघडली आणि दोन्ही चवी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. मरोळची फिकट, कोरडी, आल्याचा झणका घशात उशिरा येणारी. मुलुंडच्या दाण्यांना मी साखर घालून दोन दिवस पाहिलं. रंग उजळला, पण गुळाचा वास हलेना. ही बियर मला मनापासून आवडली होती. पण मावशी पहिल्या घोटाला ओळखणार, आणि शर्लीच्या हातात दुसऱ्याच घरची चव जाणार. उरलेली बाटली मी पुन्हा बूच लावून ठेवली.

गोराई, गुरुवार

बोरिवलीहून खाडीपर्यंत बस आणि पुढे होडी. पंधरा मिनिटांची होडी, पण पलीकडे उतरलं की आपण मुंबईत आहोत हे विसरायला होतं. मिठागरं, खारफुटी, उंच ताडाची झाडं आणि झाडांना बांधलेली मडकी. टांगेवाल्याने मला विचारलं, “नॅटीमावशीकडे? ताडी प्यायला चाललाय काय?” मी नाही म्हटलं. त्याचा विश्वास बसला नाही.

नॅटीमावशी रोझीमावशीहून सात वर्षांनी लहान आणि आवाजाने दुप्पट. अंगणात चूल पेटवून ती फुगे तळत होती. फुगे म्हणजे त्यांचे गोल तळलेले पाव, आतून पोकळ. पीठ फुगवायला दुकानातलं यीस्ट नाही, तर बरणीतलं बी. आमच्याकडे पुरी फुगली नाही तर तेलाला दोष देतात. इथे बीला विचारतात.

“आमची बहीण काय म्हणतेय?” तिने विचारलं. “अजून साखरच घालते काय? तिला सांग, साखर म्हणजे पोरांचं खाणं. मी ताडी पाजते त्याला, ताडी! बघ कसं उसळतं.”

बरणीत दाणे नव्हतेच. पांढरा, दाट, फेसाळ गोळा होता, आणि तो खरोखर हलत होता. प्रयोगशाळेत मी असलं काही पाहिलं असतं तर दार लावून घेतलं असतं. बियर दुधट, आंबट आणि भलतीच जोरकस. आलं कुठे तरी तळाशी. तिच्याबरोबर गरम फुगे आणि डुकराच्या मांसाचं इंद्याल, तेही आंबट-तिखट. मी घरी मांस म्हणजे कोंबडी आणि बकरा एवढंच खाणारा. पहिला घास घाबरत घेतला, चौथ्या घासाला पाव कमी पडले. ताडीची बियर त्या इंद्यालला चांगली सांभाळून घेते. मी तीन पेले प्यालो आणि ओट्यावर बसल्या बसल्या झोपलो.

जाग आली तेव्हा ऊन कलत होतं. नॅटीमावशीला मी सगळं सांगून टाकलं होतं की काय ते मला आठवेना, पण तिच्या चेहऱ्यावरून सांगून टाकलेलं दिसत होतं.

“मेल्या, आमच्या आईचं बी शिजवलंस,” ती म्हणाली. तिने माझ्या पिशवीत एक घट्ट बुचाची बाटली कोंबली. “हे ने. पण खरं सांगते, रोझीला हे नाय चालणार. माझी बियर फक्त पाव फुगवायला बरी म्हणते ती.”

होडीत गर्दी नव्हती. समोर एक कोळीण टोपली घेऊन बसली होती. खाडीच्या मध्यावर आलो आणि माझ्या मांडीवर फाट् असा आवाज झाला. बूच बाटलीतून सुटलं, पिशवीच्या कापडाला लागलं, आणि पिशवीच्या चारी बाजूंनी पांढरा फेस यायला लागला. माझी पँट गेली, चपला गेल्या, फेस थांबेना.

“अरं ए,” कोळीण म्हणाली, “तुझी पिशवी उतू चाललीय!”

होडीवाल्याने वास घेतला आणि हात जोडून पिशवीला नमस्कार केला. सगळी होडी हसली. मीही हसलो, पण उतरून पाहतो तर बाटलीत काही उरलं नव्हतं. लग्नाला दहा दिवस होते.

घाटकोपर, शनिवार

घाटकोपरचा पत्ता अर्धाच होता, त्यामुळे शोधायला सकाळ गेली. टेकडीवर चढत जाणाऱ्या वस्त्या, अरुंद पायऱ्या, दोन्ही बाजूंना निळी, हिरवी दारं. प्रसूतिगृहात नोकरी केलेल्या जाधव सिस्टर कुठे राहतात, असं विचारत गेलो. तिसऱ्या बाईने मला आपादमस्तक बघितलं आणि म्हणाली, “माझे तिन्ही त्यांच्याच हातचे. वर जा, पाण्याच्या टाकीपाशी.”

सिस्टर पन्नाशीच्या, बारीक, पांढऱ्या सुती साडीतल्या. खोली एवढी नीटनेटकी की मी चपला बाहेर सरळ रेषेत ठेवल्या. भिंतीवर बुद्धांची तसबीर, खाली मेणबत्ती. त्यांनी चहा दिला. मी रोझीमावशीचं नाव घेतलं तेव्हा त्यांनी वर पाहिलं.

“मरोळच्या रोझीबाई? बऱ्या आहेत ना?”

बऱ्या आहेत, मी म्हणालो, आणि बीचं विचारलं. विचारतानाच वाटत होतं की ही फुकटची खेप. सिस्टर उठल्या. कपाटाच्या सर्वांत खालच्या खणातून एक काचेची बरणी काढून माझ्यासमोर ठेवली. पांढुरके, टपोरे, स्वच्छ दाणे. वर पातळ फडकं, त्याला दोरी.

मी विचारलं, “तुम्ही... पिता?”

“छे! पंचशील घेतलंय आम्ही. या घरात कोणी थेंब घेतलेला नाही.”

“मग बावीस वर्षं हे...?”

“रोज सकाळी वंदना झाली की एक चमचा साखर, एक चमचा आलं. पाणी उकळून गार केलेलं. औषधाचा चमचा आहे माझा, मापात चूक होत नाही.”

“आणि जी बियर होते तिचं काय करता?”

“कडीपत्त्याला घालते.” त्यांनी दाराकडे बोट केलं. डब्यात लावलेला कडीपत्ता छपरापर्यंत गेला होता. मी हसलो. त्याही हसल्या. मग मी विचारलं, प्यायची नाही तर सांभाळलं कशाला?

सिस्टरांनी चहाचा कप खाली ठेवला. “तेव्हा मी घरोघरी बाळंतपणं करायला जायची. नवीनच होते. बाळ माझ्या हातून घ्यायचे सगळे. मला चहा मात्र वेगळ्या कपात. फुटका कान असलेला कप असायचा एकेका घरी, खिडकीत ठेवलेला. मला बघितलं की तो कप काढायचे. रोझीबाईंच्या सुनेला रात्रभर अवघड गेलं, पायाळू मुलगी होती. सकाळी ती रडली आणि रोझीबाई रडल्या. मग आत गेल्या आणि स्वतःच्या बरणीतलं हे काढून मला दिलं. म्हणाल्या, हे आम्ही लेकींना देतो. त्यांनी मला लेक म्हटलं हो. आता हे मी पीत नाही, तो माझा धर्म. पण मरू देईन का?”

त्यांनी गाळलेलं थोडं पाणी पेल्यात ओतून माझ्यापुढे केलं. मी चाखलं. फिकट, कोरडी, आणि गिळल्यावर दोन क्षणांनी आल्याचा झणका. मला वाटलं, हीच. अगदी हीच. पण मी पडलो जेवायला येणारा माणूस, माझ्या जिभेचा भरवसा काय.

मी घाईघाईने सगळी कबुली दिली. वाफेचं यंत्र, नियम, सही, सगळं. आणि डबा पुढे केला.

“नाही,” सिस्टर म्हणाल्या. आवाज प्रेमळ होता, पण वॉर्डातला होता. “तुमच्या हातात नाही देणार. एकदा दिलेलं होतं ना तुमच्या हातात? रोझीबाईंना घेऊन या.”

टेकडी उतरताना मला राग आला, मग राग कोणाचा ते कळेना, मग तोही गेला. त्या बरोबर होत्या.

पुन्हा मरोळ, रविवार

रविवारी मी मरोळला कधी जात नाही. मावशी चर्चहून येऊन मिरच्यांची देठं काढत बसली होती. मी दारातच सांगितलं. बसून सांगितलं असतं तर सांगता आलं नसतं.

“मेलं?”

“हो.”

“सगळं?”

“सगळं.”

ती उठली. मला वाटलं आता मला बाहेर काढते. तिने ताट घेतलं, भात वाढला, वर कालवण घातलं आणि माझ्यापुढे ठेवलं. “खा,” म्हणाली. अकरा वर्षांत ती मला अजून वाढू का असं विचारल्याशिवाय राहिली नव्हती. त्या दिवशी विचारलं नाही. मी तो भात कसा संपवला ते मलाच ठाऊक.

मग मी सिस्टरांचं सांगितलं. तिच्या हातातली मिरची थांबली.

“तिनं ठेवलंय? बावीस वर्सं?” मग पुन्हा, “न पिता ठेवलंय?”

“तुला बोलावलंय, मावशी. तुझ्याच हातात देणार म्हणतात.”

“मी नाय जाणार.” ती पुन्हा देठं काढू लागली. “आमच्यात घरातनं दिलेलं बी परत मागत नाय. लेक दिल्यावर परत मागतात काय? मी तिच्या दारात जाऊन काय म्हणू, दिलेलं दे? मना नाय जमायचं ते.”

“मग शर्लीला काय देशील?”

“काय नाय. रिकाम्या हातानं जाईल. तुझ्यावर चिडले नाय असं समजू नको, परब. लग्न झाल्यावर चिडणार हाय. आता येळ नाय.”

मी मुलुंडच्या काळ्या बियरचं सुचवून पाहिलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी तो विषय सोडून दिला. एवढ्या बियर शोधल्या, चाखल्या, माझ्या आवडीचा क्रमसुद्धा मनात लावला होता, आणि ज्या घरासाठी निघालो त्या घरात काहीच आणू शकलो नव्हतो. मला फार वाईट वाटलं. 

आतल्या खोलीत शर्ली ब्लाऊजला हुक लावत होती. तिने सगळं ऐकलं असावं. सुईदोऱ्यासकट बाहेर आली आणि म्हणाली, “आजी, जाधव सिस्टरला पत्रिका दिलीस?”

“पत्ता कुठं होता?”

“आता हाय ना?”

मावशीने मिरच्या बाजूला सारल्या.

“जिच्या हातावर मी जन्मले तिला लग्नाला नाय बोलवायचं? तू मागू नको काय. बोलवायला चल. उद्याच जाऊ. परब अंकल टॅक्सी करतील, त्यांनी करायलाच पायजे.”

परब अंकल लगेच हो म्हणाले.

पुन्हा घाटकोपर, सोमवार

मावशीने लाल चौकड्यांचं लुगडं नेसलं होतं, कानात सोन्याची फुलं, हातात नारळ आणि पत्रिका. पायऱ्या चढताना ती तीनदा थांबली. दमल्यामुळे थांबली असं म्हणाली. पाण्याच्या टाकीपाशी पोचलो तेव्हा सिस्टर दारातच उभ्या होत्या. खालून कोणीतरी आधीच वर्दी दिली असणार.

मग मावशीने नारळ आणि पत्रिका एकदम पुढे केली, आणि पाठ करून आणल्यासारखं म्हणाली, “रविवारी लग्न हाय. तुमी यायचं. पयल्या रांगेत बसायचं. मी बोलवायलाच आलेय, दुसरं काय नाय.”

“दुसरं काय असणार?” सिस्टर म्हणाल्या. त्यांनी शर्लीची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, नर्सच्या नजरेने नीट बघितला. “पायाळू होतीस तू. रात्रभर छळलंस मला.”

चहा झाला. सगळ्यांना सारख्याच कपात. बीचा विषय कोणी काढेना. मावशी कडीपत्त्याचं कौतुक करत राहिली, सिस्टर घराच्या रंगाला किती खर्च आला ते विचारत राहिल्या, आणि मी घड्याळाकडे बघत राहिलो. मला वाटायला लागलं की दोघी अशाच बोलत राहणार आणि आम्ही रिकामे परत जाणार.

शेवटी सिस्टर उठल्या. खालच्या खणातली काचेची बरणी काढली आणि मावशीला ओलांडून शर्लीच्या मांडीवर ठेवली.

“हे मी परत करत नाहीये हं, रोझीबाई,” त्या म्हणाल्या. “हा माझा आहेर आहे मुलीला. ती जन्मली त्या दिवसापासून माझ्याकडे आहे, तिच्याच वयाचं. थोडं मी माझ्यासाठी काढून ठेवलंय. आणि थोडं तिने तुम्हांला द्यायचं की नाही, ते तिचं ती बघेल.”

शर्ली हसली आणि रडली, दोन्ही एकदम. बरणीतले टपोरे दाणे मावशी वाकून बघत होती.

“पण एक विचारू का?” सिस्टरांचा आवाज अचानक लहान झाला. त्यांनी पेल्यात थोडी बियर ओतली आणि मावशीपुढे धरली. “मी कधी चाखलेली नाही. मला कळणारच नव्हतं. बावीस वर्षं रोज घालत आले, पण ते बरोबर चाललंय की नाही, तुमच्यासारखं आहे की बिघडलंय, कोणाला विचारणार? तुम्ही सांगा.”

मावशीने पेला घेतला. एक घोट घेतला, तोंडात धरला, गिळला, आणि आलं घशात पोचेपर्यंत थांबली. मग उरलेलं सगळं पिऊन टाकलं. सिस्टर दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरून तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

“सिस्टर,” मावशी म्हणाली, “माझी कधीच एवढी चांगली नव्हती.”